डिस्क घेतली तरी मालकी कुठे होती?

‘डिस्क कपाटात असली की गेम आपला, स्टीमवर (पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) मिळतो तो नुसता परवाना’ हे इथल्या चर्चेतलं म्हणणं मला अर्धंच पटतं, भाऊ. परवाना हे खरंच. २०२४ पासून पैसे भरताना स्टीम स्वतःच तसं लिहून दाखवतं. पण पीसीच्या डिस्कचं वेगळं काय होतं? २००४ चा ‘हाफ-लाइफ २’ डिस्कवर घेतला तरी स्टीमचं खातं काढल्याशिवाय चालत नव्हता. बर्डीच्या बाजारातून आणलेल्या डब्यातला कोड एकदा खात्यात टाकला की ती डिस्क मित्राला द्या नाहीतर विका, समोरच्याला उपयोग शून्य. मालकीचीच हौस असेल तर जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घ्या. इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला की पुढे खेळायला इंटरनेटही लागत नाही. नवे मोठे गेम मात्र तिथे बरेचदा उशिरा येतात, काही तर येतच नाहीत.

आणि ‘मोठा गेम डाउनलोड व्हायला रात्र जाते’ या रडगाण्याबद्दल. २०२३ पासून स्टीममध्ये एकाच राउटरवरच्या दोन पीसींमध्ये गेम थेट पाठवता येतो, हे इथे कोणीच कसं बोललं नाही? सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली तो पर्याय आहे. मित्राच्या खात्याशी करायचं तर तिथे ‘फ्रेंड्स’ निवडावं लागतं. आमच्याकडे मनीषनगरात धाकट्याच्या पीसीवरून मी शंभरेक जीबीचे गेम असेच ओढतो, मधे लॅन केबल टाकून. वायफायवर ते फार रखडतं. नागपूरच्या मे महिन्यात रात्रभर पीसी चालू ठेवून खोलीची भट्टी करण्यापेक्षा बरंच बरं. फाइल्स ओढल्या तरी तो गेम खेळायचा हक्क आपल्या खात्यातही हवा, एवढंच.