'सू ल साब्ल'च्या शेवटी मारी ते घड्याळ का नाकारते?

धुकट: फ्रान्स्वा ओझाँचा 'सू ल साब्ल' (२०००) हा फ्रेंच सिनेमा काल पाहिला. पुढे शेवट फुटलाय, न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरा. मारीचा नवरा ज्याँ समुद्रात पोहायला जातो तो परतच येत नाही. मारी पॅरिसला येऊन, तो घरातच असल्यासारखी त्याच्याशी बोलत राहते. इथवर समजलं. पण शवागारात घड्याळ दाखवतात तेव्हा ती म्हणते, हे त्याचं नाहीच! मग प्रेत दुसऱ्याच कुणाचं होतं का? शिवाय पॅरिसचा भाग खरखरीत दिसतो. माझी प्रत खराब आहे का?

आडवाट: प्रेत ज्याँचंच, मला तरी शंका नाही. "बघू नका" म्हणत असताना ती हट्टाने बघते. म्हणजे न बघता नाकारत नाही, बघून नाकारते! मारी झालेली शार्लट रॅम्पलिंग तिथे जी हसते ना, तसंच ती आधी एकदा हसलीय. आठवा: नंतर आयुष्यात आलेल्या व्हँसाँबरोबर पलंगावर असताना मधेच तिला हसू फुटतं, कारण तो फार हलका लागतो. ज्याँ झालाय ब्रुनो क्रेमेर (टीव्हीवरचा गुप्तहेर मेग्रे), चांगला भारदस्त गडी. एवढ्या वर्षांत ते वजन तिच्या अंगाला पाठ झालंय. घड्याळ दाखवून तिला काय पटवणार?

खडीसाखर: वजनाचं मान्य, पण मला वाटतं ती घाबरलीय. ज्याँ नैराश्यावर औषध घेत होता हे तिला फार उशिरा कळतं. सासूला मात्र ठाऊक होतं! वर ती म्हातारी सुनावते की तुला कंटाळून गेला असेल. प्रेत त्याचं मानलं, तर त्याने जीव दिला का आणि आपल्याला कळलं कसं नाही, हे दोन्ही गळ्यात येतं.

आडवाट: हं, हे माझ्यापेक्षा बरं आहे. सुरुवातीला तो सरपण गोळा करताना एक ओंडका उलटून खालच्या मुंग्या बघत राहतो. मी तो प्रसंग नुसता सुट्टीचा निवांतपणा म्हणून सोडून दिला होता.

धुकट, प्रत ठीक आहे. उन्हाळ्याचा भाग ३५ मिमीवर घेतलाय. मग पैशांअभावी काम थांबलं आणि पुढचं सुपर १६ या कमी रुंदीच्या फिल्मवर केलं, म्हणून ते दाणे दिसतात.