मदत हवी आहे: हेल्सिंग अल्टिमेटच्या डिस्क चालत नाहीयेत, रविवारच्या आत बघायचंय

रात्रपाळी (शुक्रवार, सकाळी ६:५२)

नमस्कार मंडळी, जरा तातडीने मदत करा. हेल्सिंग या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा नवा, म्हणजे अल्टिमेटवाला सेट घरी आलाय पण डिस्क चालतच नाहीये. टाकली की गरगर फिरते, मग थांबते, स्क्रीनवर काहीतरी येतं आणि संपलं. डिस्क नवीकोरी आहे, एक ओरखडा नाही. तीन बदलून बघितल्या, तिन्हींचं तेच. प्लेअर चांगला आहे, आईची कीर्तनाची डिस्क आत्ताच लावून बघितली, व्यवस्थित चालली. रविवार रात्रीपर्यंत दहाच्या दहा भाग बघून व्हायलाच हवेत. मी आत्ता अंबडहून ड्युटी करून आलोय, संध्याकाळी परत जायचंय, तर लवकर सांगा कोणीतरी.

वायरमन (७:२०)

"काहीतरी येतं" म्हणजे नेमकं काय येतं? दिसतं ते जसंच्या तसं लिहा. डिस्क डीव्हीडी आहे की ब्लू-रे? प्लेअर कोणता? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

पंचवटीकर (७:४१)

लेन्सवर धूळ बसली असणार. माझ्याकडे डिट्टो हेच झालं होतं, मेनरोडवरून क्लीनर डिस्क आणली, दोन मिनिटांत काम झालं. आधी ते करा, बाकी काही उघडू नका.

रात्रपाळी (७:४४)

पंचवटीकर, अहो कीर्तन चालतंय म्हटलं ना. धूळ असती तर तेही अडकलं असतं.

जुनं_ते_सोनं (८:०५)

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही हे, पण नव्याच्या मागे कशाला लागलात? २००१ चं जुनं हेल्सिंग बघा, गोंझो स्टुडिओचं, तेरा भाग, दोन संध्याकाळी होतात. त्यातला काळोख, ते संगीत, ती लंडनची ओली रात्र नव्यात कुठेच नाही. नव्यात नुसता रक्ताचा सडा.

अ‍ॅनिमेवेडी (८:३०)

जुनं_ते_सोनं, संगीताचं मान्य, यासुशी इशीचं काम मी आजही ऐकते. पण जुन्याची गोष्ट अर्ध्यातून भलतीकडेच जाते हे का नाही सांगत? कोता हिरानोची मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, १९९७ ला सुरू झाली आणि २००८ ला संपली, दहा खंड. मालिका काढली तेव्हा मांगा पुढे लिहून व्हायची होती म्हणून त्यांनी शेवट स्वतःच्या मनाने जुळवला. तो इन्कॉग्निटो नावाचा खलनायक मांगात नाहीच मुळी. अल्टिमेट मूळ मांगा धरून चालतं. २००६ ला पहिला भाग आला आणि दहावा डिसेंबर २०१२ ला. वाट बघणाऱ्यांनी सहा-सात वर्षं काढली आहेत. त्याला नुसता रक्ताचा सडा म्हणू नका.

रात्रपाळी (८:३८)

जुनं बघून झालंय हो, त्याचसाठी तर हे हवंय. वायरमन, टीव्हीवर "नो डिस्क" येतं. प्लेअर वडिलांनी २०११ च्या दिवाळीत घेतलेला, स्टिकर पुसलंय. डिस्क म्हणजे डिस्क, मामेभावाने अमेरिकेहून आणल्यात. निळ्या प्लास्टिकच्या डब्या आहेत.

वायरमन (८:५५)

बघा, हे आधी सांगायला हवं होतं. निळी डबी म्हणजे ब्लू-रे. तुमचा प्लेअर साधा डीव्हीडीचा दिसतोय. डीव्हीडीचा लेझर लाल असतो, ६५० नॅनोमीटरचा, ब्लू-रेचा निळसर जांभळा, ४०५ चा. ब्लू-रेवरच्या रेघा इतक्या बारीक आणि दाट असतात की लाल लेझरला त्या वाचताच येत नाहीत, त्याच्या दृष्टीने आत डिस्कच नाही. म्हणून "नो डिस्क". धूळबिळ काही नाही. डिस्क उलटी करून उजेडात धरा, काळपट निळसर झाक दिसेल.

पंचवटीकर (९:०२)

तरी क्लीनर डिस्क एकदा फिरवलेली बरी.

रात्रपाळी (९:१०)

झाक आहे खरी. पण प्रत्येक डबीत अजून डिस्क आहेत, त्या चांदीसारख्या दिसतात. मला वाटलं सगळ्या सारख्याच.

वायरमन (९:१३)

त्याच डीव्हीडी असतील, एकाच डबीत दोन्ही देतात. ती लावा.

रात्रपाळी (९:२६)

लावली. आता "राँग रिजन" येतंय!! मागे पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह आहे, त्यात १ लिहिलंय. आता काय? झोप यायला लागलीय आणि आज परत रात्रपाळी आहे.

सिडको_सहावी_स्कीम (९:५०)

रिजनचं लफडं, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा आकडा. अमेरिकेच्या डीव्हीडी १, आपलं रिजन २.

वायरमन (९:५८)

२ नाही. २ म्हणजे जपान आणि युरोप. भारत ५ मध्ये येतो, रशिया आणि बराचसा आफ्रिका आपल्याबरोबर. ब्लू-रेला अक्षरं असतात, तिथे आपण सी आणि अमेरिका-जपान ए.

सिडको_सहावी_स्कीम (१०:१५)

माझ्या जुन्या प्लेअरवर २ च्या डिस्क चालायच्या, म्हणून म्हटलं.

वायरमन (१०:२१)

कारण तो दुकानदाराने आधीच सगळ्या रिजनला मोकळा करून दिलेला असणार. रात्रपाळी, तुमचाही होऊ शकतो. ट्रे उघडा ठेवून सेटअपचं बटण आणि मग रिमोटवर काही आकडे दाबले की छुपा मेनू उघडतो. पण आकडे प्रत्येक मॉडेलला वेगळे. मॉडेल नंबर द्या.

रात्रपाळी (१०:२३)

स्टिकर पुसलंय म्हणालो ना हो.

वेगवान_नेट (११:०४)

भावा एवढा खटाटोप कशाला, मी लिंक देतो, दहाही भाग एका फाइलमध्ये, चहा होईपर्यंत उतरतं. डिस्कचा जमाना गेला.

अ‍ॅनिमेवेडी (११:२०)

इथे असल्या लिंका देऊ नका. लोकांनी वर्षानुवर्षं हाताने चित्रं काढलीत त्याची. हा माणूस विकत आणलेला सेट बघायचा प्रयत्न करतोय तर त्याला तो बघू द्या.

वेगवान_नेट (११:३१)

ताई मी विकत नाहीये, मदतच करतोय. त्याला रविवारच्या आत हवंय म्हणून बोललो.

गंगापूर_रोड (११:४५)

रविवारचीच एवढी घाई का आहे? पुढच्या आठवड्यात निवांत बघा की. दहा भाग म्हणजे एकेक पाऊण तासाचा, काही तासाच्या आसपास. आठेक तास सलग रक्तपात बघायचा का?

रात्रपाळी (दुपारी ३:१७)

झोपून उठलो आत्ता. सांगतो का घाई. धाकटा भाऊ सोमवारी जर्मनीला चाललाय, दोन वर्षांसाठी. आम्ही दोघांनी जुनं हेल्सिंग एकत्र बघितलं होतं, मी अकरावीत होतो आणि तो सातवीत, मित्राची हार्ड डिस्क आणून, आई झोपल्यावर, आवाज इतका हळू ठेवून की बंदुकीची गोळीसुद्धा टिचकीसारखी ऐकू यायची. शेवट बघून तो रडवेला झाला होता, "एवढंच?" म्हणाला. तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की खरी गोष्ट वेगळी आहे, पुढे कधीतरी ती आपण दोघं बघू. मग माझं आयटीआय, त्याचं इंजिनिअरिंग, मला रात्रपाळी त्याला दिवस, राहूनच गेलं. मामेभावाने त्याला जाताना भेट म्हणून हा सेट आणला. एकदा विमानात बसला की झालं. म्हणून रविवार.

गंगापूर_रोड (३:२५)

असं आहे होय. मग बघाच. लागेल ती मदत सांगा.

अ‍ॅनिमेवेडी (३:४०)

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना दादा! एक ऐका, दुसरा भाग घाईत बघू नका. व्हॅलेंटाइन भावांचा हेल्सिंगच्या वाड्यावरचा हल्ला जुन्यातही आहे, पाचव्या-सहाव्या भागात, तुम्हाला आठवत असेल. नव्यात तोच प्रसंग बघताना फरक कळतो. तिथला बटलर वॉल्टर हातमोजे ओढून नीट करतो आणि मग त्या तारा हवेत नुसत्या चमकतात, केसाएवढ्या बारीक, आणि समोरच्याला कापलं गेल्याचं उशिरा कळतं. तुमच्या भावाला तो म्हातारा आवडत असेल तर

सिडको_सहावी_स्कीम (३:४४)

वॉल्टरचं तर पुढे आठव्या भागात

अ‍ॅनिमेवेडी (३:४५)

नका सांगू!! प्लीज खोडा ते. त्यांनी बघितलेलं नाही अजून.

सिडको_सहावी_स्कीम (३:५२)

सॉरी सॉरी, पुढचं खोडलं. रात्रपाळी, एवढंच सांगतो, चौथ्या भागानंतर अर्ध्यात थांबू नका. पहिले चार सॅटेलाइट स्टुडिओचे, पाच ते सात मॅडहाउसचे आणि शेवटचे तीन ग्राफिनिकाचे. चित्रांची धाटणी थोडी बदलते, डिस्क बिघडली असं वाटून घेऊ नका.

आठवीची_आई (४:३०)

माफ करा मध्येच विचारते. माझा मुलगा आठवीत आहे, त्याच्या वर्गात सगळे हे बघतात म्हणे आणि रोज हट्ट करतो. कार्टूनच आहे ना? दाखवायला हरकत आहे का?

अ‍ॅनिमेवेडी (४:४१)

मावशी, नका दाखवू अजून. चित्रं आहेत पण मुलांसाठी नाहीत. पहिल्याच भागात चेडर गावात व्हॅम्पायर झालेला पाद्री सेरास नावाच्या तरुण पोलिस मुलीला धरून ठेवतो आणि तिला जे बोलतो ते आठवीतल्या मुलाच्या कानावर पडू नये. नायक अलुकार्ड, तोही व्हॅम्पायरच, तिच्या छातीतून आरपार गोळी घालून त्या पाद्र्याला मारतो. पुढे नाझींची व्हॅम्पायर फौज लंडन जाळते आणि तिथे माणसं मरतात ती फार जवळून दाखवली आहेत. मोठा झाल्यावर बघू दे.

जुनं_ते_सोनं (४:५५)

म्हणूनच म्हणतो, जुनं बरं.

अ‍ॅनिमेवेडी (४:५८)

जुनंही त्या वयाला नाही दाखवायचं.

त्र्यंबकवासी (५:३५)

तुमच्या डिस्कचं मला काही कळत नाही, पण कार्टून म्हणून कोणी हिणवू नये असं वाटतं. आपल्या त्र्यंबकला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक तसू हलवून त्यांचे फोटो घेऊन हलती फिल्म केली होती, "आगकाड्यांची मौज". तेव्हा त्यांचा कारखाना नाशकातच होता. एकेक चित्र हलवायचं म्हणजे काय तपश्चर्या असते ते पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांच्या स्मारकात गेलं की मला दर वेळी आठवतं. भावाला जाण्याआधी तिथे घेऊन जा. आणि हे अलुकार्ड नाव कुठल्या देशातलं?

वायरमन (५:४२)

काका, ड्रॅक्युला उलटं वाचा. इंग्रजी अक्षरं शेवटाकडून लावली की अलुकार्ड होतं.

त्र्यंबकवासी (५:५०)

अरे वा! ते पुस्तक आम्ही कॉलेजात असताना वाचलंय. १८९७ चं. त्यात व्हॅन हेल्सिंग त्याला मारायला निघालेला असतो.

अ‍ॅनिमेवेडी (५:५६)

हो काका, आणि इथे त्याच हेल्सिंग घराण्याची इंटेग्रा त्याची मालकीण आहे. हीच तर गंमत आहे सगळी.

वायरमन (६:१०)

रात्रपाळी, मुद्द्यावर. घरी लॅपटॉप आहे? त्याला डिस्क ड्राइव्ह आहे? टीव्हीला एचडीएमआय आहे?

रात्रपाळी (६:१४)

लॅपटॉप भावाचा, नवा आहे, डिस्क घालायला जागाच नाही त्याला. टीव्हीला एचडीएमआय आहे. निघतोय ड्युटीला.

वायरमन (६:२२)

माझ्याकडे बाहेरून यूएसबीला लावायची डीव्हीडी ड्राइव्ह आहे, लग्नाचे व्हिडिओ कॉपी करायला घेतलेली. घेऊन जा. आधी लॅपटॉपवर व्हीएलसी या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क लावून बघा, बऱ्याचदा रिजन न बदलताच चालते. ड्राइव्ह अडूनच बसली तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडून डीव्हीडी रिजन १ करा. पण एक लक्षात ठेवा, रिजन एकूण पाचच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा बसतो. माझी अजून एकदाही बदललेली नाही. इंदिरानगर बोगद्याजवळ राहतो, पत्ता खासगी निरोपात पाठवतो.

सिडको_सहावी_स्कीम (६:३०)

एमजी रोडला नवी पण मिळेल की.

वायरमन (६:३३)

मिळेल, पण दुकानं उघडेपर्यंत हा झोपलेला असणार. पहाटे ड्युटीवरून येताना माझ्या दारावरून न्या, मी पाचला उठतो.

रात्रपाळी (शनिवार, सकाळी ७:३०)

ड्राइव्ह घेतली. काकूंनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. व्हीएलसीत नाही चाललं, ड्राइव्ह अडूनच बसली, मग तुमच्या परवानगीने रिजन १ केला. "उरलेले बदल ४" असं दाखवतंय. लागलं!! टीव्हीवर चित्र आलं. भावाला उठवलं. आज रात्रीची पाळी एका मित्राने घेतली माझी.

गंगापूर_रोड (७:४०)

वा! ऑडिओ कोणता ठेवणार? जपानीच ठेवा, जोजी नाकाताच्या आवाजाला तोड नाही.

अ‍ॅनिमेवेडी (७:५२)

या एका मालिकेला इंग्रजीच ठेवा. सगळी इंग्लंडमधली माणसं आहेत, इंग्रजीत जास्त खरी वाटतात. आणि क्रिस्पिन फ्रीमनने जुन्यातही अलुकार्ड केला होता, तुम्ही तेव्हा इंग्रजीत बघितलं असेल तर तोच आवाज परत भेटेल.

रात्रपाळी (८:०१)

इंग्रजीतच बघितलं होतं. तेच लावतो.

पंचवटीकर (८:२०)

अवांतर, पण भाऊ दोन वर्षं जातोय तर रविवारी सकाळी मिसळ खाऊ घाला त्याला. पापड, दही आणि काळ्या मसाल्याचा रस्सा, तिकडे हे मिळणार नाही.

सिडको_सहावी_स्कीम (८:३१)

काळ्या मसाल्याचा नाही हो, लाल रस्सा खरा.

पंचवटीकर (८:३४)

आमच्या घरी तीन पिढ्या काळाच रस्सा आहे.

रात्रपाळी (रविवार, रात्री ११:१५)

सकाळी मिसळ झाली, दोन्ही रस्से घेतले. काल चार भाग झाले, मग पाहुणे आले निरोपाला, बॅग भरणं, आई मध्येच उठून लोणच्याची बरणी गुंडाळायला प्लास्टिक मागत होती. आजचे धरून एकूण सात झाले. सातव्याच्या शेवटी सेरासचं जे होतं ते बघून आम्ही दोघंही काही बोललो नाही, तो उठून पाणी पिऊन आला आणि पुढचा लाव म्हणाला. आठवा लावतोय.

अ‍ॅनिमेवेडी (११:२०)

आता थांबू नका.

रात्रपाळी (सोमवार, पहाटे ३:०८)

दहावा संपला. नावं वर जाऊन पूर्ण संपेपर्यंत बसलो होतो. तो म्हणाला, "दादा, आता पुरलं." आंघोळीला गेलाय, पाचला गाडी येणार आहे मुंबईसाठी. आईने आवाज ऐकलाय दोन्ही रात्री, काही बोलली नाही. वायरमनदादा, ड्राइव्ह पुसून तिच्या पाकिटात ठेवलीय, वायरीसकट. आज संध्याकाळी ड्युटीला जाताना आणून देतो, सहाला घरी असता ना?

वायरमन (५:०४)

असतो. भाऊ निघाला का?

रात्रपाळी (५:३१)

निघाला आत्ताच. डबीतल्या डीव्हीडी माझ्याकडे ठेवल्यात, ब्लू-रे तो घेऊन गेला.