रानटी अळंबीची विषबाधा: दुसऱ्या दिवशी बरे वाटू लागलेल्या रुग्णाला घरी का सोडत नाहीत?

प्रश्न

मी वैद्यकशास्त्राच्या अंतिम वर्षात शिकत आहे. रानातली अळंबी खाल्ल्यावर सुमारे दहा तासांनी उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झालेला रुग्ण सलाईनने सावरतो, दुसऱ्या दिवशी त्याला भूक लागते, नाडी व रक्तदाबही ठीक असतात, तरी वरिष्ठ त्याला घरी सोडत नाहीत. उलट, खाल्ल्यावर तासाभरातच उलट्या झालेल्या रुग्णाबाबत ते बरेच निश्चिंत असतात. माझी समजूत नेमकी याच्या उलट होती. कोणी खुलासा कराल का?

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा तपशील म्हणजे ते दहा तास. पोटाला केवळ क्षोभ आणणाऱ्या बहुतेक अळंब्या खाल्ल्यापासून काही तासांतच त्रास देतात आणि तो त्रास सहसा तिथेच संपतो. अमानिटा फॅलॉइडिस आणि तिच्या जातकुळीतल्या अळंब्यांमधील अमाटॉक्सिन मात्र साधारण 6 ते 24 तास काहीच जाणवू देत नाही. हे विष यकृताच्या पेशींत शिरून आरएनए पॉलिमरेज 2 हे विकर रोखते. त्यामुळे नवी प्रथिने तयार होणे थांबते, पण आधीची प्रथिने संपेपर्यंत पेशी तग धरून राहतात. जुलाब थांबून रुग्णाला हुशारी वाटते ती याच मधल्या काळात, आणि त्याच वेळी रक्तात यकृताची विकरे वाढू लागलेली असतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कावीळ, रक्त न गोठणे आणि गुंगी दिसू लागते. म्हणून रुग्ण काय सांगतो यापेक्षा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे मोजमाप) आणि एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) यांच्या काही तासांच्या अंतराने केलेल्या चाचण्या काय सांगतात, यावर निर्णय घ्यावा.

शिजवल्याने किंवा वाळवल्याने हे विष नष्ट होत नाही. नातेवाईक "नीट उकळून खाल्ले होते" असे हमखास सांगतात. त्यावर विसंबून राहू नये.

प्रतिसाद २

वरील विवेचन योग्य आहे, परंतु सहा तासांनंतर सुरू झालेली लक्षणे धोक्याची आणि त्याआधीची निर्धोक, हा सहा तासांचा नियम काटेकोर मानण्यास माझा विरोध आहे. एकाच भाजीत दोन-तीन जातींच्या अळंब्या मिसळलेल्या असतील, तर पहिलीमुळे झालेल्या लवकरच्या उलट्या दुसरीचे विष झाकून टाकतात. अमानिटा स्मिथियाना तर काही तासांतच उलट्या घडवते आणि पुढे काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी करते. कॉर्टिनेरियस गटातल्या अळंब्यांमधील ओरेलॅनिन या विषाचा प्रकार आणखी फसवा असतो, कारण त्यात मूत्रपिंडाचा बिघाड एक ते दोन आठवड्यांनीही उघड होऊ शकतो आणि तोवर ते जेवण रुग्णाच्या स्मरणातूनही गेलेले असते. तेव्हा उशिरा सुरू झालेली लक्षणे धोक्याचीच समजावीत. लवकर सुरू झालेली लक्षणे सुरक्षित असतात असे मात्र मानू नये. एकत्र जेवलेल्या प्रत्येकाला, त्रास होत नसला तरी, बोलावून तपासावे आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून आणायला सांगावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजते व मग ओळखता येत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एवढ्या उशिरा सक्रिय कोळसा (पोटातले विष धरून ठेवणारी कोळशाची पूड) देऊन काही उपयोग होतो का?

प्रतिसाद १

होतो. अमाटॉक्सिन पित्तावाटे आतड्यात उतरते आणि तिथून पुन्हा शोषले जाते, म्हणून कोळशाच्या पुनःपुन्हा दिलेल्या मात्रांना अर्थ आहे. शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाला मात्र श्वासमार्ग सुरक्षित केल्याशिवाय कोळसा पाजू नये. शिरेतून भरपूर द्रव, यकृताच्या रक्षणासाठी एन-ॲसिटिलसिस्टीन आणि उपलब्ध असल्यास विषाचा यकृतपेशींतील प्रवेश अडवणारे सिलिबिनिन, असा उपचारांचा रोख असतो. यांपैकी कोणत्याही औषधाला खात्रीचा उतारा म्हणण्याइतका पुरावा नाही. त्यामुळे आयएनआर चढू लागताच यकृत प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राशी बोलणे लांबवू नये. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनातही पहिला दिवस असाच शांत जातो. फरक इतकाच की तिथे रक्तातील पातळी मोजता येते आणि पहिल्या आठ तासांत सुरू केलेले एन-ॲसिटिलसिस्टीन बहुतेक वेळा यकृत वाचवते.