शेवाळाचा गॅस आणि एसटीपीचं लाईटबिल

सुनील (ए-१०३): फॉरवर्डेड: "सांडपाण्यावर शेवाळ वाढवा, गॅस फुकट, वीज फुकट!! परदेशात सुरू झालं, आपण कधी जागे होणार?"

सुनील (ए-१०३): सगळ्यांनी वाचा, एसटीपीच्या (सांडपाणी साफ करणाऱ्या आपल्या प्लांटच्या) लाईटबिलात केवढा पैसा जातो आपला आणि जळगावात उन्हाला काय तोटा आहे

भारंबे काका: ऊन एवढं आहे की मे महिन्यात आम्हीच वाळतो, शेवाळ काय टिकेल

किशोरभाऊ सेक्रेटरी: रविवारी एजीएम आहे, नुसते फॉरवर्ड नको, आकडे असतील तर बोला

नाना (तळमजला): शेवाळ म्हनजे टाकीत जमतं तेच ना? ते घासाले मानूस लावतो आपन अन आता पाळायचं? मले काही समजनं नही भो

प्रज्ञा (सी-३०२): नाना, त्याचेच भाऊबंद समजा. मेसेज खोटा नाहीये पण अर्धा आहे. आपल्या एसटीपीत ब्लोअर दिवसरात्र का चालतो, तर घाण खाणाऱ्या बॅक्टेरियाला ऑक्सिजन लागतो, आणि मोठ्या प्लांटमध्येही विजेचा साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च या हवा मारण्यावरच जातो. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं तो बॅक्टेरिया घेतात, बॅक्टेरिया कार्बन डायऑक्साइड सोडतात तो शेवाळ घेतं, वर पाण्यातलं नायट्रोजन फॉस्फरसही खातं जे आपला प्लांट नीट काढत नाही आणि मग नाल्यातून नदीत जाऊन तिथे जलपर्णी माजते. हे काही नवीन नाही, कॅलिफोर्नियात बर्कलेच्या ओस्वाल्ड नावाच्या प्राध्यापकांनी १९५० च्या दशकातच यावर काम केलंय, फूटभर खोल तळं, वरून एक चाक पाणी हळूहळू फिरवत ठेवतं

मनीषा वहिनी: डासांचं काय?? आधीच डेंग्यूचे पेशंट निघतात दर पावसाळ्यात

प्रज्ञा (सी-३०२): पाणी फिरतं ठेवलं तर डास सहसा अंडी घालत नाहीत वहिनी, पण चाक बंद पडलं की डास आलेच म्हणून धरा. आणि रात्री शेवाळ उलट ऑक्सिजन ओढतं, त्यामुळे पहाटे पाण्यात तो कमी होतो

राहुल (बी-४०१): पेट्रोल निघतं म्हणतात ना शेवाळातून, तेच काढू की

प्रज्ञा (सी-३०२): अमेरिकेच्या सरकारने १९७८ ते १९९६ त्यावर प्रोग्राम चालवला आणि बंद केला, खनिज तेलापेक्षा फार महाग पडत होतं. शेवाळात तेल कधी साठतं, तर त्याला नायट्रोजनची उपासमार झाली की, आणि आपलं सांडपाणी तर नायट्रोजननेच भरलेलं, म्हणजे ते जोमाने वाढेल पण तेल कमी. म्हणून सांडपाण्याच्या शेवाळाचा बायोगॅस करतात. स्पेनला चिक्लाना नावाच्या गावात युरोपियन युनियनच्या पैशातून असा प्रकल्प झाला, त्या गॅसवर गाड्या चालवून दाखवल्या

सुनील (ए-१०३): बघा!! मी म्हटलं नव्हतं

किशोरभाऊ सेक्रेटरी: आपल्याला किती गॅस मिळेल ते सांग ताई

प्रज्ञा (सी-३०२): ६४ फ्लॅट, साधारण २८० माणसं, माणशी १०० लिटरच्या वर सांडपाणी धरलं तर रोज ३० हजार लिटर. ते तळ्यात ६ दिवस ठेवायचं, फूटभर खोली, म्हणजे ६०० चौरस मीटर तळं लागेल, साडेसहा हजार स्क्वेअर फूट. चौरस मीटरला रोज १५ ग्रॅम सुकं शेवाळ धरलं तरी ९ किलो. त्यातून साडेतीन घनमीटरच्या आसपास बायोगॅस, घरच्या सिलेंडरच्या हिशोबात दीड किलो गॅस. ९-१० दिवसांत एक सिलेंडर. ६४ घरांत

भारंबे काका: एक सिलेंडर ६४ घरात?? चहा तरी होईल का सगळ्यांचा 😂

प्रज्ञा (सी-३०२): हो ना काका, फॉरवर्डवाले हेच सांगत नाहीत. फायदा गॅसमध्ये नाही, ब्लोअरची वीज वाचते त्यात आहे. आणि त्यातही मेख आहे, शेवाळाची एक पेशी केसाच्या जाडीपेक्षाही बारीक, हजार लिटर पाण्यातून सुकं शेवाळ जेमतेम पाव-अर्धा किलो, ते गाळायचं कसं? तुरटीसारखं काही टाकून खाली बसवायचं नाहीतर मशीनने फिरवून काढायचं, आणि मशीन आलं की वीज आली. गाळलं नाही तर हिरवं पाणी तसंच बाहेर जाणार, मग सफाई कसली

नाना (तळमजला): अन उन्हाळ्यात आटी जाई ते पानी

प्रज्ञा (सी-३०२): बरोबर नाना. मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर बाष्पीभवन धरा, ६०० चौरस मीटरवर ६ हजार लिटर उडून जाणार, ३० हजारातला पाचवा हिस्सा. आणि पाणी ४० च्या वर तापलं की बरंच शेवाळ मरतं, फूटभर पाणी तापायला किती वेळ लागतो आपल्याकडे

देवरे सर: केळीच्या खांबांचं काय? माझ्या भावाकडे घड काढल्यावर बांधावर नुसते सडतात

प्रज्ञा (सी-३०२): सर एकदम कामाचा मुद्दा. नुसत्या शेवाळात नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी, त्यामुळे डायजेस्टरमध्ये, म्हणजे गॅस बनवायच्या बंद टाकीत, अमोनिया वाढून गॅस कमी होतो. केळीच्या खांबात कार्बन भरपूर, दोन्ही मिसळलं तर जमू शकतं, फक्त खांब बारीक कुटायला लागतील. पण हे गावाबाहेर, जिथे मोकळी जमीन आहे आणि शेजारी केळीचे मळे आहेत तिथे, सोसायटीत नाही

राहुल (बी-४०१): साडेसहा हजार फूट म्हणजे आपलं अख्खं पार्किंग गेलं की

सुनील (ए-१०३): गच्चीवर करा मग

किशोरभाऊ सेक्रेटरी: गच्चीवर १८० टन पाणी? स्लॅब सुनीलभाऊंच्या डोक्यावर येईल, टॉप फ्लोअरवाल्यांची एनओसी आधी आणा

प्रज्ञा (सी-३०२): किशोरभाऊ, बिलाचंच म्हणाल तर आधी टाकीतला ऑक्सिजन मोजून घ्या. लिटरला २ मिलिग्रॅम पुरतो, आपला ब्लोअर २४ तास फुल चालतो म्हणजे बहुतेक जास्तच मारत असणार. मीटर आणि स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह बसवला तर तळं न खोदता वीज वाचेल

किशोरभाऊ सेक्रेटरी: हे अजेंड्यात घेतो. कोटेशन दोन-तीन ठिकाणची मागवतो

मनीषा वहिनी: आणि गार्डनला एसटीपीचं पाणी देता त्याचा वास येतो ते पण घ्या अजेंड्यात, मागच्या वेळी राहिलं होतं

सुनील (ए-१०३): देवरे सर, तुमच्या भावाचा नंबर पर्सनलवर टाका