दिवाळीच्या सुट्टीत पुणे ते म्हैसूर, वाटेत प्राणिसंग्रहालयं: मदत हवी आहे

लेकीला (वय ६) गोरिला बघायचाय, म्हणून म्हैसूर पक्कं. १८९२ सालचं जुनं प्राणिसंग्रहालय, जिराफही आहेत. आपल्याच गाडीने जाणार. जाताना बेळगावजवळचं भूतरामनहट्टी, येताना बंगळुरूचं बन्नेरघट्टा, असा बेत आहे. गोची अशी की म्हैसूर आणि बन्नेरघट्टा दोन्ही मंगळवारी बंद! मागे बुधवारी कात्रजला बंद गेटसमोर लेकीने रस्त्यातच बसकण मारली होती, तेव्हापासून मी आधी वार बघते.

पहिला मुक्काम हुबळीला करावा की दावणगेरेपर्यंत रेटावं? सोबत सासूबाई आहेत, त्यांना गुडघेदुखी. म्हैसूरला आत बॅटरीवरची गाडी सहज मिळते का? आणि बन्नेरघट्ट्याची सफारी सकाळी बरी की दुपारी? वाघ झोपलेलेच दिसले तर घरी माझीच वाट लागेल.