एकट्याने एक देऊळ, दोन गड, एक दिवस

कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातलं वैजनाथाचं देऊळ, महिपाळगड आणि कलानिधीगड एका दिवसात, तेही एकट्याने पायी होईल का, असं तुम्ही विचारलंय. होतं, पण जीव काढतं. गेल्या डिसेंबरात मी केलं. बेळगावहून पहाटे शिनोळीमार्गे देवरवाडी गाठली. वैजनाथाचं दर्शन घेऊन वर चढलो. महिपाळगडावर माचीतच गाव वसलंय, त्यामुळे तिथवर एकटेपण जाणवत नाही.

खरी परीक्षा पुढे. काजूच्या बागा, पुन्हा उतार, पुन्हा चढ. तीन लिटर पाणी दुपारी एकलाच संपलं. मोज्यांत कुसळं इतकी रुतली की दर अर्ध्या तासाने बसून उपटत होतो. एका वाडीत मावशींनी तांब्याभर ताक दिलं, "एकटाच आलास होय रे बाळा?" म्हणाल्या, आणि बाटल्याही भरून दिल्या. त्या ताकाची चव अजून जिभेवर आहे.

कलानिधीगडावरून उतरताना जांभ्याच्या खड्यांवरून पाय सटकतो, काठी न्याच. या रानात गवे आहेत, म्हणून अंधाराआधी गावात पोचा. दोन वाजेपर्यंत शेवटच्या गडाच्या पायथ्याशी नसाल, तर तो गड दुसऱ्या दिवसावर ठेवा. आणि घरी वाट नेमकी सांगून निघा, मधे रेंज जाते.