लॉ सीईटीला आपटलात? म्हणे ‘जीएलसी-आयएलएस नाहीतर ड्रॉप’!

सातबारा: काल इथं कुणी ज्ञान पाजळलं, ‘लॉच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीत, स्कोअर कमी आला तर मुंबईचं जीएलसी (गव्हर्नमेंट लॉ कॉलेज) किंवा पुण्याचं आयएलएस मिळेपर्यंत ड्रॉप घ्या, वर्ष थांबा, बाकी सगळी डिग्रीची दुकानं.’ डोकं फिरलं. माझी पुतणी बीकॉम करून तीन वर्षांच्या लॉला बसली. निगेटिव्ह मार्किंग नसूनही आपटली. तिला म्हटलं, जिथून जिल्हा न्यायालय चालत गाठता येतं ते कॉलेज ऑप्शन फॉर्मात, म्हणजे पसंतीच्या यादीत, वर टाक. सकाळी लेक्चर, मग कोर्टात बस. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बार कौन्सिलच देते, एआयबीई ही वकिलांची देशभरची परीक्षा सगळ्यांना तीच. पक्षकार फी विचारतो, कॉलेज नाही.

पेठकरवकील: ते ज्ञान माझंच. माझा मावसभाऊ असल्याच ‘चालत जाण्याच्या अंतरावर’ शिकला. लायब्ररीला कुलूप, मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटूचा खटला) एकदाही नाही, आणि बार कौन्सिलची ७० टक्के हजेरी एका दुपारीत सह्या करून पूर्ण! सनद मिळाल्यावर दावा कोणता न् दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) कोणती, हे त्याला कारकुनानं शिकवलं.

सातबारा: मग शिकला ना? आम्हालाही कारकुनांनीच शिकवलं.

शंकेखोर: ड्रॉपचा हिशेब कुणीच मांडत नाही. मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी ३ वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ड्रॉप १, लॉ ३, वकिली ३. घरचे थांबणार आहेत का?

घाटमाथा: पुण्या-मुंबईची हौस कशाला? १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली पोरंही तिकडंच येणार.

पेठकरवकील: येतील हो, पण बेंचपुढं बोलतील काय? खालच्या कोर्टात मराठी चालतं, तिथं इंग्रजी. मराठीतून पेपर लिहिलेला उभा राहिला की ‘माय लॉर्ड’च्या पुढं सरकत नाही.

घाटमाथा: सरळ म्हणा ना, मराठी माध्यमवाले बिनडोक. दगडी इमारतीत शिकलं की जीभ सोन्याची होते का?

पेठकरवकील: तोंडात शब्द घालू नका. मी स्वतः झेडपीच्या शाळेतला आहे. पहिलं वर्ष इंग्रजी निकालपत्रं डिक्शनरी घेऊन वाचली, रडलो. ते रडणं कॉलेजात उरकावं एवढंच म्हणतोय.

शंकेखोर: मग ते रडणं गावच्या कॉलेजातही उरकता येतं की. निकालपत्रं फुकट मिळतात.

घाटमाथा: आमच्या सिनिअरांची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) मराठीत वाचा एकदा. उलटतपासात तुमचे इंग्रजीवाले घाम पुसतात.

पेठकरवकील: उलटतपास मान्य. अपील कोण लिहितं ते सांगा.

सातबारा: अरे, मूळ प्रश्न कॉलेजचा होता!

शंकेखोर: त्याचं उत्तर सोपं आहे. ऑप्शन फॉर्म स्कोअर बघून नाही, आवडीच्या क्रमानं भरायचा. वर मोठं नाव टाकलं म्हणून खालचं पळून जात नाही. फक्त खाली तेच टाका, जिथं खरंच जाल. आणि ज्या लायब्ररीला कुलूप दिसेल ते टाकूच नका.

पेठकरवकील: चला, कुलपाचा मुद्दा तरी पटला. उपकार झाले.

सातबारा: कळवतो. पुतणीनं काल रात्रीच फॉर्म भरला. पहिल्या नंबरला पुणे. मला विचारलंही नाही.